इंग्रजी संभाषण क्लब: मुलांचं म्हणणं काय, आणि गाडं नेमकं कुठे अडतं?

खडूफळा

वर्गाबाहेर चालणाऱ्या इंग्रजी क्लबांबद्दल हा धागा. आठवड्यातून एकदा तासभर जमायचं, गुण नाहीत, परीक्षा नाही, फक्त बोलायचं. अशा क्लबात येणाऱ्या मुलामुलींना मत विचारलं की पुष्कळदा एकाच तोंडून दोन उत्तरं येतात: "इथे वर्गापेक्षा भीती कमी वाटते" आणि "पण मला बोलायला मिळतच नाही". पहिलं उत्तर ऐकून चालवणारे खूश होतात आणि दुसऱ्याकडे कानाडोळा करतात.

दुसऱ्या उत्तराचा हिशेब मांडून बघा. २० जण, ६० मिनिटं. जमण्यात आणि ओळखीपाळखीत १० मिनिटं जातात, चालवणाऱ्याचं स्वतःचं बोलणं १५ मिनिटं (हे कमीच धरलंय). उरली ३५. सगळे गोल करून बसले आणि एकेक जण बोलला, तर माणशी पावणेदोन मिनिटं. तीही समान वाटली गेली तर. प्रत्यक्षात चौघंजण २५ मिनिटं खातात आणि बाकीचे मान डोलावतात. तीच ३५ मिनिटं जोड्यांमध्ये घालवली तर प्रत्येकाला साडेसतरा मिनिटं मिळतात. म्हणजे दहापट, आणि तेही एक पैसा खर्च न करता.

माझं मत सरळ आहे. विषय, खेळ, पाहुणे वक्ते हे सगळं नंतर. एका बैठकीत प्रत्येकाचं तोंड किती मिनिटं चालू होतं, यावर क्लबाचं मोल ठरतं. आता जाणकारांनी सांगावं: जोड्यांमध्ये नेमकं करायचं काय, चुका कधी दाखवायच्या, मराठी चालू द्यायची की नाही, आणि सुधारणा झाली हे ओळखायचं कसं?

वेळपाळ

जोड्या पाडून "बोला आता" म्हटलं की तीन मिनिटांत शांतता पसरते. त्याला रचना लागते. सगळ्यात भरवशाची ४/३/२. कीथ मॉरिस यांनी ती १९८३ मध्ये मांडली, पुढे भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी तिचा अभ्यास केला आणि ती सगळीकडे पोचली.

कृती: अर्धे जण आतल्या वर्तुळात तोंड बाहेर करून, अर्धे बाहेरच्या वर्तुळात तोंड आत करून. आतल्यांना तयारीला २ मिनिटं. कागदावर फक्त पाच-सहा शब्द लिहायचे, वाक्य एकही नाही. मग समोरच्याला ४ मिनिटं सांगायचं. बाहेरचं वर्तुळ एक घर सरकतं. नव्या माणसाला तेच ३ मिनिटांत. पुन्हा सरकायचं, तेच २ मिनिटांत. मग आतले बाहेर, बाहेरचे आत. प्रत्येकाचं ९ मिनिटं सलग बोलणं होतं आणि सगळं मिळून साधारण २५ मिनिटं लागतात.

हे चालतं का? मजकूर पहिल्या फेरीतच जुळलेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत "काय सांगू" हा भार डोक्यावरून उतरतो आणि सगळं लक्ष "कसं सांगू" याकडे जातं. ऐकणारा दर वेळी नवा असल्यामुळे पुन्हा सांगणं खोटं वाटत नाही.

बिघडतं कुठे: (अ) वेळ कमी झाली की मुलं मजकूर छाटतात, वेग वाढवत नाहीत. आधीच बजावा की सगळे मुद्दे यायलाच हवेत. (आ) ऐकणारा मध्येच प्रश्न विचारतो. नाही विचारायचे, मान हलवायची. (इ) नवशिक्यांना ४ मिनिटं झेपत नाहीत. दीड मिनिटात साठा संपतो आणि उरलेला वेळ ओशाळण्यात जातो. त्यांच्यासाठी ३/२/१, किंवा अगदी २ मिनिटं, दीड मिनिट, १ मिनिट. (ई) विषय अवघड किंवा नवा निवडला जातो. ओघ यायचा असेल तर शब्द आणि मजकूर दोन्ही ओळखीचे हवेत.

अर्धविराम

@वेळपाळ, रचना उत्तम, पण एक खोट आहे. पहिल्या फेरीतली चूक पुढच्या दोन्ही फेऱ्यांत तशीच घोटली जाते. "ही डोन्ट नो" तीनदा म्हटलं की ते जिभेवर बसतं. म्हणून पहिल्या फेरीनंतर तिथेच ३ मिनिटं थांबा. पहिली फेरी चालू असताना चालवणाऱ्याने कागद घेऊन फिरायचं आणि पाच-सहा वाक्यं जशीच्या तशी टिपायची. ती नावं न सांगता फळ्यावर लिहायची, सगळ्यांनी मिळून दुरुस्त करायची, फळा पुसायचा आणि लगेच दुसरी फेरी. दुरुस्ती आणि ती वापरायची संधी यांच्यात मिनिटभराचंच अंतर राहतं. बैठकीच्या शेवटी "आजच्या चुका" वाचून दाखवण्याला काही अर्थ नाही, कारण त्यानंतर सगळे घरी जातात.

चुका दाखवण्याबद्दल मुलांची मतं परस्परविरोधी वाटतात. "चुका सांगा" असंही म्हणतात आणि "मध्ये टोकू नका" असंही. दोन्ही एकत्र नांदू शकतं. तोंड उघडलेलं असताना टोकायचं नाही, पण सांगायचं मात्र नक्की.

आणि सांगायची पद्धतही महत्त्वाची. सर्रास काय होतं बघा:

मुलगी: "येस्टरडे शी गो टू द लायब्ररी."
चालवणारा: "ओह, शी वेंट टू द लायब्ररी?"
मुलगी: "येस, अँड देन शी गो होम."

तिला ती दुरुस्ती वाटलीच नाही, आपलं म्हणणं पोचल्याची पावती वाटली. रॉय लिस्टर आणि लैला रान्टा यांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास छापला. त्यात शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी निम्म्याहून जास्त याच जातीच्या होत्या, आणि विद्यार्थ्याने ती उचलण्याचं प्रमाण याच जातीत सगळ्यात कमी होतं. त्यापेक्षा वाक्य चुकीपर्यंत परत म्हणून थांबा: "येस्टरडे शी...?" आणि भुवई उंचावा. ज्याला येतं तो स्वतः दुरुस्त करतो. ज्याला येत नाही त्याला तेव्हा सांगा.

तिसरा बाक

भीतीबद्दल. इलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये वर्गातली परकी भाषेची धास्ती मोजायला ३३ विधानांची प्रश्नावली तयार केली. तिच्या मागे तीन प्रकारच्या भीतीचा विचार होता: संवादाची, परीक्षेची, आणि लोक काय म्हणतील याची. क्लबात गुण नसतात, म्हणून दुसरी भीती गळून पडते. तिसरी तशीच राहते. कधी वाढतेही, कारण क्लबात वरच्या वर्गातले फाडफाड बोलणारे बसलेले असतात. "क्लबात भीती वाटत नाही" असं सांगणारे बहुधा तेच, ज्यांची मूळ भीती परीक्षेची होती. बाकीचे तिसऱ्या बैठकीनंतर येईनासे होतात, त्यामुळे त्यांचं मत कुणाच्या कानावरच पडत नाही.

गोल बसून क्रमाने बोलण्याचा प्रकार तर बंदच करा. आपली पाळी येईपर्यंत पोरगं मनात एकच वाक्य घोळवत बसतं, आधीच्या पाचांचं काहीही ऐकत नाही, आणि नेमकं आधीच्यानेच ते वाक्य बोलून टाकलं की याची बोबडी वळते. पाळी झाली की सुटलो म्हणून खिडकीबाहेर बघतं.

त्याऐवजी: १ मिनिट एकट्याने विचार, ३ मिनिटं शेजाऱ्याशी, आणि मगच मोठ्या गटात. मोठ्या गटात स्वतःचं नाही, शेजाऱ्याचं म्हणणं सांगायचं. चूक झाली तरी ती "त्याच्या" मतात होते, म्हणून मनाला कमी लागते. (हसू नका, खरंच फरक पडतो.)

अजून एक, हे चालवणाऱ्यांसाठी. प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांत मोजलं होतं. शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबायचे, आणि तीन सेकंद थांबले की उत्तरं लांब यायला लागायची. ती मुलं स्वतःच्याच भाषेत उत्तरं देत होती. परक्या भाषेत पाच सेकंद तरी द्या. मनातल्या मनात आकडे मोजा, नाहीतर हटकून तुम्हीच बोलाल.

कानामात्रा

मराठीबद्दल लिहितो, थोडक्यात. दंड, नाणी, "मराठी बोललास की एक उठाबशी" हे प्रकार करू नका. नियम कडक झाला की इंग्रजी वाढत नाही, बोलणंच थांबतं. आणि बंदी पूर्ण उठवली की दहा मिनिटांत सगळा क्लब मराठीत. मधला रस्ता असा: प्रत्येक जोडीला एक कोरा कागद. शब्द अडला की तो मराठीत म्हणायचा, कागदावर लिहायचा आणि वाक्य इंग्रजीतच पुढे रेटायचं. एका फेरीत जास्तीत जास्त तीन शब्द. शेवटची ७ मिनिटं हे कागद गोळा करून त्यांतले आठ-दहा शब्द सगळ्यांसमोर सोडवायचे. हीच पुढच्या बैठकीची शब्दयादी. छापील यादीपेक्षा ही कैक पटींनी कामाची, कारण यातला प्रत्येक शब्द कुणाला तरी खरोखर अडलेला असतो.

शिवाय भिंतीवर मोठ्या अक्षरांत तगून राहायची वाक्यं लावा: "कॅन यू से दॅट अगेन?", "व्हॉट आय मीन इज...", "आय डोन्ट नो द वर्ड, बट इट्स लाइक...", "गिव्ह मी अ सेकंड". ही पहिल्या दोन बैठकांत घोकून घ्या. अडखळल्यावर मराठीत शिरण्याऐवजी इंग्रजीतच वेळ मागता येतो.

टाळीबाज

टोस्टमास्टर्सचा, म्हणजे भाषणाचा सराव करणाऱ्या क्लबांच्या संस्थेचा, उल्लेख अजून कुणी कसा केला नाही? राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना इथे सुरू केलेली ही रचना शंभर वर्षं टिकलीय, त्याला कारण आहे. सभासद व्हायला १८ वर्षं पूर्ण लागतात. पण रीत शाळा-कॉलेजच्या क्लबालाही उचलता येते.

उचलण्यासारखं काय: प्रत्येक बैठकीत फिरत्या जबाबदाऱ्या. एक वेळ बघणारा, एक व्याकरण टिपणारा, एक "अं-अं" मोजणारा, एक सूत्रधार. तयारीच्या भाषणाला साधारण ५ ते ७ मिनिटं: पाचला हिरवं कार्ड, सहाला पिवळं, सातला लाल. ऐनवेळच्या विषयावर १ ते २ मिनिटं: एकला हिरवं, दीडला पिवळं, दोनला लाल. प्रत्येक भाषणावर कुणीतरी २ ते ३ मिनिटं अभिप्राय देतो. वेळ बघणाऱ्यालाही शेवटी उभं राहून अहवाल द्यावा लागतो, त्यामुळे लाजाळू माणसाला ठरलेल्या साच्यातली चार वाक्यं बोलण्याची बिनधोक संधी मिळते. भित्र्यांना पहिल्या महिन्यात हेच काम द्या.

अर्धविराम

@टाळीबाज, जबाबदाऱ्यांशी सहमत, "अं" मोजण्याशी नाही. जे आधीच ओघाने बोलतात त्यांच्यासाठी ते ठीक. नवशिक्याला "तू १४ वेळा अं केलंस" सांगितलं की पुढच्या वेळी तो अं करत नाही, गप्प उभा राहतो. विचार करताना आवाज काढून आपली पाळी धरून ठेवणं हे कुठल्याही भाषेत नैसर्गिक आहे. वक्त्याने स्वतः मागितलं तरच मोजा.

आणि अभिप्राय! "व्हेरी गुड, नाइस बॉडी लँग्वेज, कीप इट अप." याने टाळ्या मिळतात, सुधारणा होत नाही. अभिप्राय देणाऱ्याने तीनच गोष्टी सांगायच्या: लक्षात राहिलेलं एक वाक्य, वक्त्याच्याच शब्दांत; आपण नेमके कुठे हरवलो ती एक जागा; आणि पुढच्या वेळी करून बघायची एकच गोष्ट. दुसरी सुचली तर गिळून टाका.

खडूफळा

टोस्टमास्टर्सच्या रीतीवर माझा आक्षेप पुन्हा हिशेबाचाच. तीन भाषणं, सहा ऐनवेळचे विषय, अभिप्राय, अहवाल. २० जणांच्या तासात एका वेळी एकच तोंड चालू. भाषण करायला शिकायचं असेल तर ते योग्यच आहे. पण "समोरच्याशी चार वाक्यं बोलता येत नाहीत" ही ज्याची अडचण आहे, त्याला सहा आठवड्यांतून एकदा येणारं भाषण पुरत नाही. महिन्यातली एक बैठक तशी, बाकीच्या जोड्यांच्या.

वादविवादाचंही तेच. ब्रिटिश संसदीय पद्धतीत चार संघ, प्रत्येकी दोघं, विषय मिळाल्यावर १५ मिनिटं तयारी, प्रत्येकाला ७ मिनिटं. आठ भाषणांतच ५६ मिनिटं गेली, बाकी बारा जण श्रोते. त्यापेक्षा जोडीत १ मिनिट बाजूने, १ मिनिट विरोधात, मग बाजू बदलून पुन्हा. ४ मिनिटांत सगळा क्लब वाद घालून मोकळा.

फोडणी

विषयांवर कुणी बोललं नाही म्हणून. मुलांची तक्रार असते की विषय कंटाळवाणे. ते कंटाळवाणे असतात कारण ते निबंधाचे असतात. "विज्ञान: शाप की वरदान" दिलं की पाठ केलेला निबंध बाहेर पडतो, आणि पाठांतर म्हणजे बोलणं नव्हे. काहीतरी *ठरवायला* द्या. "तिघं एका खोलीत राहणार आहेत. एकाला पहाटे अभ्यास, दुसऱ्याला रात्री, तिसऱ्याला फोनवर बोलायचं असतं. पाच नियम ठरवा, तिघांनाही मान्य हवेत, ८ मिनिटं." इथे पाठांतर कामाला येत नाही, आणि "इफ", "अनलेस", "शुड" आपसूक येतात.

दोन कागद

+१. त्याहून पक्कं म्हणजे माहिती फोडून देणं. जोडीतल्या दोघांना जवळपास सारखी दोन चित्रं द्या, १० फरकांची. एकमेकांचं चित्र बघायचं नाही, फक्त बोलून फरक शोधायचे. बोलल्याशिवाय काम होणारच नाही अशी सोय केलेली असते.

बिघडतं ते असं: (१) दोन मिनिटांत कागद एकमेकांना दाखवले जातात. पाठीला पाठ लावून बसवा. याचा दुसरा फायदा म्हणजे हातवारे दिसत नाहीत, मोठ्याने आणि स्पष्ट बोलावंच लागतं. (२) "कॅट?" "येस." "टू?" "नो, थ्री." अशी तारेची भाषा सुरू होते. फरक सापडल्यावर तो दुसऱ्या जोडीला पूर्ण वाक्यात सांगायचा, अशी पुढची पायरी ठेवली की ती सुटते.

वेगवेगळ्या पातळ्यांची मुलं एकत्र असतील तर माहिती *कच्च्या* मुलाच्या हातात द्या. तो वर्णन करेल, पक्का ऐकून चित्र काढेल. उलटं केलं तर पक्का बोलत सुटतो आणि कच्चा "हं, हं" करतो. भाषा-संशोधक यूल आणि मॅकडोनल्ड यांच्या १९९० च्या प्रयोगात हेच दिसलं होतं: सूत्रं कच्च्या जोडीदाराकडे असली की दोघांतली देवाणघेवाण वाढते.

मोजपट्टी

आता मतं आणि मोजमाप, कारण धाग्याचं नावच "मुलांचं म्हणणं" आहे.

बहुतेक प्रश्नावल्या अशा असतात: "क्लबमुळे तुमचा आत्मविश्वास आणि उच्चार सुधारले का? पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत." एका वाक्यात दोन प्रश्न, उत्तर सुचवलेलं, वर नाव लिहायचं, आणि कागद गोळा करणार क्लब चालवणारेच. शिवाय भरणारे तेच, जे शेवटपर्यंत टिकले. अशा कागदांवर सगळं छानच दिसतं.

विचारायचं असेल तर घडलेलं विचारा: मागच्या दोन बैठकांत एकदा तरी सलग एक मिनिट बोललात का? किती वेळा काही सांगायचं होतं पण सांगितलं नाही? का? क्लबाबाहेर या आठवड्यात कुणाशी इंग्रजीत बोललात? नाव नको. आणि येणं बंद केलेल्यांना दोनच प्रश्न पाठवा: कुठल्या बैठकीनंतर थांबलात, आणि त्या दिवशी काय झालं. क्लब दुरुस्त करायला ही उत्तरं सगळ्यात जास्त उपयोगी.

सुधारणा मोजायची तर फोनवर ध्वनिमुद्रण. सुरुवातीला एक, आठ आठवड्यांनी दुसरं. दोन मिनिटं, तयारी ३० सेकंद. विषय सारख्याच वजनाचे, पण एकच नको, नाहीतर सरावाचाच परिणाम दिसेल. दोन विषय घ्या: निम्म्यांना आधी पहिला, निम्म्यांना आधी दुसरा, नंतर अदलाबदल. मग मधलं एक मिनिट प्रत्येकाने स्वतःचं स्वतः शब्दशः लिहून काढायचं आणि तीन आकडे मोजायचे: अडखळून पुन्हा म्हटलेले शब्द वगळून मिनिटाला किती शब्द, एका सेकंदाहून लांब शांतता किती, आणि न थांबता बोललेला सगळ्यात लांब तुकडा किती शब्दांचा. (संशोधनात पाव सेकंदाचाही खंड मोजतात, पण त्याला सॉफ्टवेअर लागतं.) खंड *कुठे* पडले तेही बघा. वाक्य संपल्यावर थांबणं चांगलंच, "आय वेंट टू... द..." इथे थांबणं म्हणजे शब्द शोधणं.

अपेक्षांचाही हिशेब ठेवा. साडेसतरा मिनिटं गुणिले १५ बैठका म्हणजे साडेचार तासांच्या आतच. भाषेच्या पातळ्या ठरवणाऱ्या युरोपीय चौकटीत ए२ (प्राथमिक) वरून बी१ (मध्यम) ला जायला साधारण दीडशे-दोनशे तासांचा मार्गदर्शित अभ्यास धरतात. क्लब एकट्याने पातळी बदलणार नाही. जे येतं ते चटकन जिभेवर यायला लागेल, तेवढंच त्याचं काम. व्याकरण सुधारलं नाही म्हणून क्लब फसला असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा बघावा.

कानामात्रा

म्हणूनच मधल्या सहा दिवसांसाठी रोज १० मिनिटं काहीतरी द्या. मिनिटभराचा ध्वनिफितीचा तुकडा: दोनदा ऐकायचा, दोनदा मजकूर बघत सोबत बोलायचं, तीनदा न बघता अर्धा सेकंद मागे राहून बोलायचं. बोलणारा सावकाश असलेला तुकडा निवडा. बातम्यांचा वेग घेतला की नुसती पुटपुट होते.

तिसरा बाक

एक प्रश्न. जोड्या म्हणताय, पण उपस्थिती परीक्षेच्या सुमारास ७ किंवा ५ वर येते. विषम संख्येचं काय करायचं? आणि पाचच आले तर रद्द करायचं का?

वेळपाळ

रद्द कधीच नाही. एकदा रद्द केलं की पुढच्या वेळी "आज आहे का?" असं विचारण्यातच निम्मे गळतात. तिघं आले तरी चालवा, ४० मिनिटांची करा.

विषम संख्येत एक त्रिकूट होतं. तिसऱ्याला नुसता श्रोता ठेवू नका. त्याने बोलणाऱ्याची तीन चांगली आणि तीन दुरुस्त करायची वाक्यं टिपायची, प्रत्येक फेरीला भूमिका फिरवायच्या. चालवणाऱ्याने स्वतः जोडीत बसून संख्या सम करू नये, कारण मग बाकीच्या जोड्यांकडे कुणी बघत नाही आणि त्या मराठीत जातात. ४/३/२ ला किमान सहा जण लागतात. पाच असतील तर वर्तुळ सोडा, एक जोडी आणि एक त्रिकूट करा, दोन कागदांचा खेळ लावा. त्रिकुटाला चित्राऐवजी वेळापत्रकाचे तीन तुकडे द्या, तिघांना मोकळी असलेली एक वेळ शोधायला सांगा.